घोडीच्या जागी फटफटी

तापलेल्या एरंडेलाचा वास तुम्ही कधी घेतला आहे का? बाटलीतल्या एरंडेलाचा नव्हे. तो आपल्या पिढीतल्या प्रत्येकाने बालपणी, आईने नाक दाबून धरलेले असताना, पुरेपूर घेतलेला आहे आणि त्याची आठवण काढून तुमची दुपार नासवण्याची माझी इच्छा नाही. मी म्हणतो तो वास निराळा. लोखंडाच्या पोटात शिरून, तिथल्या अग्नीत न्हाऊन, निळसर धुराच्या रूपाने बाहेर पडलेल्या एरंडेलाचा तो वास. किंचित गोडसर, किंचित करपट, आणि एकदा नाकात बसला की साबणाने हात धुतल्यावरही जेवणाच्या पहिल्या घासापर्यंत सोबत करणारा. ऐन पंचविशीत ज्याने तो घेतला, त्याला केवड्याचे अत्तर फिके वाटले तर आश्चर्य ते काय! मला तर अजूनही वाटते. घरातल्या माणसांना हे एकदा सांगून पाहिले; त्यांनी खिडकी उघडली.

ती पन्नासच्या दशकातली वर्षे. पिंपरीला नुकताच औषधांचा एक मोठा कारखाना उभा राहिला होता आणि मी पुण्याहून तिथल्या प्रयोगशाळेत नोकरीला लागलो होतो. कारखान्याच्या कुंपणापलीकडे लगेच ज्वारीची शेते सुरू होत. पिंपरीच्या कॅम्पात सिंधी निर्वासितांनी कापडाची आणि पापडांची दुकाने थाटायला घेतली होती, आणि नाशिकच्या रस्त्याने कांद्याच्या पोत्यांनी लादलेल्या बैलगाड्या चाकणच्या बाजाराकडे करकरत जात. या संथ, धुळकट आणि आपल्यातच समाधानी असलेल्या सृष्टीत आमची एक टोळी होती आणि तिला वेगाचे वेड लागलेले होते. कुठे पोहोचायचे होते आम्हाला? कुठेच नाही! चाकणला जाऊन परत यायचे, एवढेच. पण ते जाणे असे असावे की वाऱ्यानेही बाजूला सरून वाट द्यावी, अशी काहीतरी आमची भाबडी आकांक्षा होती.

महायुद्ध संपल्यावर लष्कराने लिलावात काढलेल्या विलायती मोटारसायकली तेव्हा आमच्या भागात हळूहळू झिरपू लागल्या होत्या. एका सिलिंडरच्या, जडशीळ, शेवाळी रंगाच्या त्या गाड्या. कुठल्या वाळवंटात की जंगलात हिंडून आलेल्या, आणि आता चाकणच्या वाटेवरच्या मोशी गावच्या कुत्र्यांना भुंकायला काम पुरवणाऱ्या. गावोगावी त्यांचे नाव एकच, फटफटी. रविवारी दुपारी त्या साऱ्या मोशीच्या अलीकडे एका वडाखालच्या चहाच्या हॉटेलासमोर येऊन टेकत आणि मग जे संभाषण रंगे, त्याला मी आजही रसिकांची मैफलच म्हणेन. कुणी सायलेन्सरचे पोट कापून आवाज मोकळा केलेला, कुणी मडगार्डे उतरवून वजन हलके केलेले, कुणी सिलिंडरचे डोके घासून इंजिनाची ताकद वाढवल्याचे शपथेवर सांगणारा. कार्बोरेटरमधून पेट्रोल सोडणाऱ्या जेटचे भोक केसभर मोठे करावे की करू नये, यावर सरळ दोन तट पडत आणि वादाच्या भरात चहा निवून जाई. ज्या तन्मयतेने शास्त्रीबुवांनी एखाद्या सूत्राचा अर्थ लावावा, त्या तन्मयतेने आमची मंडळी प्लगच्या टोकावरची काजळी बोटाने पुसून तिचा रंग वाचत.

वेग मोजायचा काटा बहुतेकांच्या गाडीवर बंदच होता. पण त्यावाचून कुणाचे अडले नाही. टोपी उडाली की चाळीस मैल, डोळ्यांतून पाणी आले की पन्नास आणि मागे बसलेल्याने देवाचे नाव घेतले की साठ, असे आमचे खात्रीचे कोष्टक होते. माझ्याकडे स्वतःची गाडी नव्हती. मी कायमचा मागे बसणारा. त्यामुळे साठाचा काटा म्हणजे मीच, आणि हा मान मी अनेक वर्षे निष्ठेने सांभाळला.

या टोळीत माझ्या जिवाभावाचे असे दोघे. पहिले हुसेनभाई. चाकणच्या नाक्यावर त्यांचे दुरुस्तीचे दुकान होते. सायकली, मळ्यावरची तेलाची इंजिने, कांद्याचे ट्रक, जे येईल ते. इंजिनात एरंडेल घालायचे खूळ त्यांचेच. विलायतेतले शर्यतीचे स्वार हेच तेल वापरतात असे त्यांनी एका लष्करी ड्रायव्हरकडून ऐकले होते, आणि तेव्हापासून घाण्यावरच्या तेल्याला कळेना की चाकणात एवढी पोटे बिघडली आहेत तरी कुणाची! दुसरा ज्ञानबा. माझ्याच कारखान्यात बाटल्या भरण्याच्या खात्यात तो कामाला होता. मोशीच्या पुढे इंद्रायणीचा पूल ओलांडला की उजव्या हाताला त्याचे गाव; घरची शेती, बाप, आई, आणि गावातली पहिली फटफटी.

त्या फटफटीला एक खोड होती. इंजिनातला धूर बाहेर नेणारी नळी जिथे सिलिंडरला जोडलेली असते, तिथले तांब्याचे कडे पार झिजून गेले होते, आणि कार्बोरेटरही हट्टी. त्यामुळे ती चालता चालता मधेच एक ठोका गिळायची आणि लगेच दमेकऱ्यासारखी खोकायची. फट फट फट, खॉक्! वडाखाली याची चेष्टा झाली नाही असा रविवार आठवत नाही.

"काय ज्ञानबा, अडुळशाचा काढा पाजला का न्हाई हिला?" हुसेनभाई विचारीत.

"कडं मिळू द्या, हुसेनभाई," ज्ञानबा कानाच्या पाळीपर्यंत लाल होऊन म्हणे, "मग बगा. पुलावरनं सुटली की चाकणच्या येशीवरच थांबंल."

पण त्या जातीचे कडे मिळत नव्हते, आणि आमच्या शर्यतींत ज्ञानबाचा नंबर नेहमी शेवटून पहिला येत होता.

ही खोकणारी गाडी रात्री कुठे उभी असे, ठाऊक आहे? बैलांच्या गोठ्यात. घराला दुसरी आडोशाची जागा नव्हती. एका बाजूला पाखऱ्या आणि सोन्या ही बैलजोडी, दुसऱ्या बाजूला चांदणी नावाची पांढरी घोडी आणि मधल्या खांबाला टेकवून विलायतची ही पाहुणी. ज्ञानबाचे वडील, तात्या, तिच्याकडे पाहतसुद्धा नसत. मी एकदा धीर करून त्यांना विचारले, की एवढा राग का? तात्या बिडी विझवत म्हणाले, "राग न्हाई ओ सायेब. पर जी तहानेली झाली तरी हंबरत न्हाई, तिला गोठ्यात ठिवायची म्हंजी इपरीतच की." मी म्हटले, तात्या, ती पेट्रोल पिते की! "पिती," तात्या म्हणाले, "पर मागत न्हाई."

 मला मात्र मौज वाटायची ती दुसऱ्याच गोष्टीची. तात्या आणि त्यांचे समवयस्क पारावर बसून बैलांविषयी बोलत आणि ज्ञानबा आणि आम्ही वडाखाली गाड्यांविषयी, पण दोन्हीकडचे शब्द तेवढे निराळे, बाकी सगळे एकच. खुराची ठेवण, छातीचा घेर, खांद्याचा मऊपणा, कुणाच्या बैलाने कुठल्या चढावर कसा दम धरला. तेच हातवारे, तीच अतिशयोक्ती, तीच दुसऱ्याच्या वस्तूकडे पाहताना डोळ्यांत तरळणारी, मनात आणूनही लपवता न येणारी असूया. बापलेक एकाच वेडाचे दोन वारसदार होते आणि दोघांनाही ते मान्य नव्हते! आपल्या घराघरांतून हेच चालत नाही काय? मुलाचे वेड बापाला उधळेपणा वाटते आणि बापाचे वेड मुलाला जुनाट. वेडाचे नाव तेवढे बदललेले असते.

चैत्रात गावची जत्रा असे आणि जत्रेत बैलगाड्यांची शर्यत. तुम्ही ती पाहिली नसेल तर थोडे सांगतो. आमच्या भागात हा गाडा चढावर पळवतात. त्या चढाला घाट म्हणायचे आणि एका धावेला बारी. गाडा अगदी हलका, त्याला पुढे-मागे अशा दोन जोड्या जुंपलेल्या आणि वर हाकायला कुणीही बसलेले नसते. मग बैल पळतात कुणाच्या भरवशावर? तर घोडीच्या. गाड्याच्या पुढे एक घोडेस्वार सुटतो आणि वर्षभर जिच्या शेजारी दावणीला उभे राहिले त्या ओळखीच्या घोडीच्या मागे बैल जीव खाऊन धावतात. घोडी परकी असली तर पुढची जोडी मान फिरवते, आणि पुढची अडली की मागचीही अडते. म्हणजे ही शर्यत निव्वळ ताकदीची नव्हे, ओळखीचीही असते.

तात्यांच्या पाखऱ्या-सोन्याने उमेदीची सगळी वर्षे हा घाट गाजवलेला. आता दोघेही वयाला आले होते. या चैत्रात त्यांची शेवटची बारी, मग जू कायमचे खाली, असे तात्यांनी भावकीत सांगून टाकले होते. जिंकण्याची आशा त्यांनाही नव्हती. बैलांनी एकदा पळत, डोके वर ठेवून, गावासमोर घाट चढावा आणि मग निवृत्त व्हावे, एवढेच त्यांच्या मनात होते. माणसाला सत्कार करून निरोप देतात, बैलाला पळवून देतात. ही बारी हुकली तर पुढल्या वर्षी बैलांच्या अंगात दम उरणार नव्हता, हे सगळ्यांना ठाऊक होते.

आणि जत्रा तोंडावर आली असताना नदीवरून येताना चांदणीचा पाय बिळात गेला. हाड मोडले नाही, पण गुडघा उखळासारखा सुजला. घोडी उभी राहीना. दुसऱ्या घोड्या होत्या गावात, पण त्या आपापल्या गाड्यांना बांधलेल्या, आणि परक्या घोडीमागे हे म्हातारे बैल जाणार नाहीत हे तात्यांना माहीत होते. दोन दिवस ते घोडीच्या पायाशीच बसून राहिले. ज्ञानबाचा डबा कारखान्यातून तसाच परत गेला, आणि आमचाही घास गोड लागेना.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी आणि हुसेनभाई ज्ञानबाबरोबर त्याच्या घरी गेलो होतो. हुसेनभाईंनी घोडीच्या पायाला लेप लावला, आणि वातावरण हलके करायला म्हणून सहज बोलून गेले, "तात्या, घोडी न्हाई तर न्हाई, फटफटी सोडू की पुढं!" तात्यांनी असे पाहिले की हुसेनभाईंनी लेपाच्या वाटीत मान घातली. पण चुलीपुढून ज्ञानबाची आई, जिला आम्ही सगळे आक्का म्हणत असू, ती पदराला हात पुसत बाहेर आली.

"हसताय काय," ती म्हणाली. "रोज सांजच्याला ह्याची फटफटी पुलावर खोकली की दोनी बैल उठून हुबं ऱ्हात्यात. ह्यो येतो, वैरण टाकतो. घोडीला सुदिक एवढं उठत न्हाईत."

 तात्यांनाही ते माहीत असणार. रोज डोळ्यांसमोर घडणारी गोष्ट कुणी बोलून दाखवीपर्यंत आपल्याला दिसत नाही, हा अनुभव काय फक्त तात्यांचाच आहे? दुसऱ्या दिवशी मळ्याच्या कडेच्या चढावर बैल जुंपले. ज्ञानबाने पुढे फटफटी सुरू केली. ती खोकली, आणि पाखऱ्याचे कान उभे राहिले. गाडी हळू निघाली, बैल चालू लागले. गाडी जरा पळाली, बैलही पळाले. तात्या बांधावर उभे होते. बराच वेळ त्यांनी उपरण्याने उगाचच तोंड पुसले आणि मग म्हणाले, "पळू द्या मग."

पंचांपुढे अर्थातच पेच पडला. घोडीच्या जागी यंत्र चालते का? एका म्हाताऱ्या पंचाने विचारले, "शेण टाकती का ती?" दुसरा म्हणाला, धूर टाकते. शेवटी असे ठरले की गाड्यापुढे कुणीतरी धावायला हवे एवढाच रिवाज आहे, कोण ते रिवाजात सांगितलेले नाही. मात्र फटफटीला घोडीसारखा गुलाल लावावा आणि नारळ फोडावा. पंचांनी घातलेली आणखी एक अट म्हणजे बारीचा पुकारा झाल्यावर पंच उपरणे वर धरतील, आणि ते खाली येईपर्यंत बैल हलले नाहीत तर बारी बाद. ही अट सगळ्यांनाच असते, त्यात अन्याय काही नव्हता.

आता यापुढे जे घडले ते फक्त आमच्यासारख्यांच्याच हातून घडू शकते. विचार करा, ज्या गाडीला उद्या पंचक्रोशीसमोर मानाने घाट चढायचा आहे, ती आम्ही खोकत खोकत जाऊ देणार? वर्षानुवर्षे ज्या वडाखाली तिची टवाळी झाली, तो सगळा वड उद्या घाटावर लोटणार होता! हुसेनभाईंनी पुण्याचा जुना बाजार पिंजून काढला आणि भंगाराच्या एका ढिगातून, तुम्हाला खोटे वाटेल, नेमके ते तांब्याचे कडे घेऊन आले. जत्रेच्या आदल्या दिवशी भर दुपारी, आंब्याच्या सावलीत गोणपाट अंथरून आम्ही तिघे बसलो. व्हॉल्व्ह घासून बसवले, काजळी खरवडली, कार्बोरेटर धुतला, कडे चढवले, एरंडेल ओतले. मी पाने हातात देत होतो आणि मंत्र म्हणणाऱ्या भटजींजवळ बसल्याइतका धन्य होतो.

किक मारली आणि ती बोलू लागली. काय तो आवाज! एकही ठोका गिळला नाही, एकदाही खोकली नाही. भरल्या विहिरीतून मोट वर यावी तशी सहज, गोल, सलग. ज्ञानबाच्या डोळ्यांत पाणी आले, आणि गाडी तर जागेवरच उभी होती. तात्या गोठ्यातून बाहेर येऊन ऐकत राहिले. आजवर तिला त्यांनी कधी बरे म्हटले नव्हते, आज म्हणाले, "लई ग्वाड वाजतीया." आम्हा तिघांना याहून मोठे प्रशस्तिपत्र नको होते.

जत्रेचा दिवस उजाडला. घाटाच्या दोन्ही अंगांना माणसांचे कडे, ढोल, गुलाल, पोरांच्या टुरटुर वाजणाऱ्या पिपाण्या, आणि उसाच्या रसाची गुऱ्हाळे. आमच्या बारीचा पुकारा झाला. पाखऱ्या-सोन्या पुढे, सोयऱ्यांकडून मागून आणलेली जोडी मागे. शिंगांना बाशिंगे, पाठीवरच्या झुली काढून घेतलेल्या. त्यांच्यापुढे गुलालाने माखलेली फटफटी आणि तिच्यावर नवा सदरा घातलेला ज्ञानबा. पंचांनी उपरणे वर धरले. ज्ञानबाने किक मारली, इंजिन त्या सुरेल, सलग स्वरात सुरू झाले, तो पुढे सरला.

बैल जागचे हलले नाहीत.

ज्ञानबा थांबला, मागे वळला, पुन्हा इंजिन जोरात केले. बैलांनी एकदा त्याच्याकडे पाहिले आणि मग दोघांनीही मान वळवून पलीकडे, दूरवर, पुलाच्या रस्त्याकडे पाहायला सुरुवात केली. वाट पाहत होते ते. कुणाची? घाटावर हशा उसळला. "आरं, पेट्रोल पाज बैलांला!" कुणीतरी ओरडले. तात्या बैलांच्या मागे उभे होते. त्यांनी शेपटी पिरगाळली नाही, चाबूक उगारला नाही, फक्त पाखऱ्याच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले, आणि त्यांच्या चेहऱ्याकडे पाहण्याचे मला धाडस झाले नाही. पंचाचा हात हळूहळू खाली येऊ लागला होता.

तेवढ्यात बायकांच्या गर्दीतून आक्का पुढे आली. गावासमोर मोठ्याने बोलायची तिची रीत नव्हती, पण ती ओरडली आणि सगळ्या घाटाने ऐकले.

"आरं ज्ञानबा, त्यांला ती आपली वाटत न्हाई रं! ती खोकत न्हाई!"

आम्ही तिघेही एका क्षणात समजलो. समजलो आणि जमिनीने पोटात घ्यावे असे वाटले! ज्ञानबा हँडल घट्ट धरून गाडीवर बसून होता. हुसेनभाई मात्र पाना उपसून धावले, आणि इंजिन चालू असतानाच गुडघ्यावर बसून त्यांनी त्या कडकडीत तापलेल्या नळीचा नट सैल केला. हात भाजला, त्यांनी सदऱ्याचे टोक गुंडाळले आणि दुसऱ्या हाताने कार्बोरेटरचा स्क्रू उलटा फिरवला. काल दुपारभर प्राण ओतून बसवलेला तो स्वर त्यांनी स्वतःच्या हाताने मोडला. इंजिन अडखळले. फट फट, एक ठोका गिळला, आणि खॉक्!

पाखऱ्याचे कान ताठ झाले. सोन्याने नाक फेंदारले. आणि ज्ञानबाने गाडी सोडायच्या आतच बैल सुटले!

मी आयुष्यात पुष्कळ वेग पाहिला. पण त्या दिवशी, गुलालाच्या धुरळ्यात, खोकत खोकत चढणाऱ्या त्या गाडीमागे माना वर करून धावलेले ते दोन म्हातारे बैल मी पाहिले, आणि वेगाविषयी मला जे काही कळायचे होते ते कळले. शर्यतीत त्यांचा नंबर आला नाही. माथ्यावर पोहोचल्यावर ते थांबले आणि ज्ञानबाच्या बगलेत तोंड खुपसून वैरण हुंगू लागले. बिचाऱ्याकडे गुलालाशिवाय देण्यासारखे काही नव्हते. तात्या धापा टाकत वर आले. त्यांनी बैलांच्या कपाळांवर हात फिरवला, हुसेनभाईंचा भाजलेला हात आपल्या हातात घेऊन त्यावर तोंडातल्या तोंडात काही पुटपुटत फुंकर घातली, आणि मग मुलाला म्हणाले, "जवर ही दोगं हायत, तवर तिला बरी करू नगंस."

तुम्हाला काय वाटते, आपली माणसे आपल्याला कशाने ओळखतात? आपल्या कर्तबगारीने? ज्याच्यामागे आपण आयुष्य घालवले त्या सफाईने? मला तर संशय येतो की ती ओळखतात आपल्या अडखळण्याने; जिना चढताना तिसऱ्या पायरीवर घेतलेल्या दमाने, बोलताना उगाच लावलेल्या शब्दाने. आपण तीच खोड लाजून घासत बसतो आणि एखाद्या दिवशी अगदी निर्दोष होऊन दारात उभे राहतो, तर घरातले विचारतात, कोण पाहिजे?

ज्ञानबाने बापाचा शब्द पाळला. तांब्याचे कडे काढून ठेवले आणि पुढची काही वर्षे, वडाखाली नवनव्या गाड्या येत असताना, बाकीच्यांचे वेग वाढत असताना, तो रविवारामागून रविवार हरत राहिला. टवाळी मात्र कुणी केली नाही. पाखऱ्या आधी गेला. सोन्या त्याच्यामागे फार दिवस काढू शकला नाही. त्यानंतर बऱ्याच दिवसांनी हुसेनभाईंनी विषय काढला, आणि एका दुपारी आम्ही पुन्हा ते कडे चढवले. ज्ञानबा त्या दिवशी चाकणच्या वेशीपर्यंत असा सुटला की मागे बसून मी देवाचे नाव घेतले आणि तेही अर्धेच. हुसेनभाई आपल्या गाडीवर मागे पडले! किती वर्षांनी तो जिंकला होता! दिवस मावळता आम्ही पूल ओलांडून त्याच्या घरी आलो. गाडी अंगणात उभी राहिली, आम्ही उतरलो, तरी कुणाचे लक्ष नाही. आक्काने चुलीपुढून मान वर केली आणि दचकली.

"आलास कवा रं? मला ऐकूच आला न्हाईस."

तात्या बैलांवाचून रिकाम्या झालेल्या गोठ्यासमोर बाजेवर बसले होते. त्यांनी आधी गाडीकडे पाहिले, मग मुलाकडे. रागावले नाहीत, एखाद्याकडे पाणी मागावे तसे म्हणाले, "ज्ञानबा, परत पुलावर जा, बाबा. आन रोजच्यावानी ये."

ज्ञानबाने हुसेनभाईंकडे हात पुढे केला आणि त्यांनी काही न विचारता पाना दिला. अंगणातच गुडघ्यावर बसून त्याने नट सैल केला, स्क्रू उलटा फिरवला, आणि इंजिन सुरू न करता गाडी ढकलत तो पुलाकडे निघाला. आम्ही उभे राहिलो. आक्का दारात आली. बराच वेळ काहीच ऐकू आले नाही, आणि मग नदीकडून तो आवाज आला. एक ठोका गिळून, दमून, खोकत.

तात्यांनी गोठ्याच्या अंधाराकडे तोंड वळवले आणि हळूच म्हणाले, "उठा रं. आला त्यो."